प्रस्तावना : बाटलीची राखण, डोळ्याची निगा

डोळ्यात घालायच्या औषधाच्या बाटलीत औषधाखेरीज बरेच काही असते. पाणी असते, आम्लता सांभाळणारे क्षार असतात, थेंब डोळ्यात थोडा वेळ टिकावा म्हणून घातलेला एखादा बुळबुळीत पदार्थ असतो आणि बहुतेक बाटल्यांत एक परिरक्षक असते. या शेवटच्या घटकाचा डोळ्याच्या आजाराशी काही संबंध नसतो. बाटली उघडली की तिचे टोक पापणीला लागते, बोटाला लागते, टोपण उघडेच राहते; त्या वाटेने शिरलेले जंतू आत वाढू नयेत एवढेच त्याचे काम. लोणच्याच्या बरणीत मीठ आणि तेल जे करतात तेच. फरक इतकाच की लोणच्यातले मीठ जिभेला हवे असते. थेंबाबरोबर येणारे परिरक्षक डोळ्याने मागितलेले नसते. बाटलीची राखण आणि डोळ्याची निगा ही दोन वेगळी कामे आहेत, आणि एकाच थेंबाकडून ती दोन्ही करून घेण्याच्या खटाटोपातून हा सगळा विषय उभा राहिला आहे.

ही गोष्ट कोणी लपवून ठेवलेली नाही. सोलापुरातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानातून पाच मिलिलिटरची बाटली आणावी आणि खोक्याची मागची बाजू उजेडात धरावी. मुख्य औषधाचे नाव ठळक असते. त्याखाली बारीक अक्षरांत ‘बेंझाल्कोनियम क्लोराइड सोल्यूशन आय. पी.’, त्यापुढे ०.०१ किंवा ०.०२ टक्के असा काहीतरी आकडा आणि ‘ॲज प्रिझर्व्हेटिव्ह’ हे शब्द. कृत्रिम अश्रूंच्या बाटलीवर त्याच जागी पुष्कळदा ‘स्टॅबिलाइज्ड ऑक्सिक्लोरो कॉम्प्लेक्स’ असते. हा मजकूर छापायला लावते ती औषध नियम, १९४५ मधली ‘एफएफ’ ही अनुसूची. डोळ्यांची द्रावणे निर्जंतुक असावीत, त्यांत मान्य यादीतले परिरक्षक असावे, त्याचे नाव आणि प्रमाण लेबलवर द्यावे, बाटली उघडल्यापासून महिन्याच्या आत वापरावी, टोक कशालाही लावू नये अशी सूचना छापावी, हे सारे तीत सांगितले आहे. शस्त्रक्रियेत वापरायच्या द्रावणांना मात्र अपवाद आहे : त्यांत परिरक्षक मुळीच नको आणि ती एका वेळेपुरत्याच पात्रात भरलेली हवीत. हा अपवाद दोनदा वाचण्याजोगा आहे. डोळ्याच्या पृष्ठभागावर जे चालवून घेतले जाते ते डोळ्याच्या आत चालत नाही, हे त्यात कायद्यानेच मान्य केले आहे. पारपटलाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, मागच्या बाजूला पेशींचा एकेरी थर असतो. तो मेला की माणसात पुन्हा भरून येत नाही.

बाटलीच्या टोकाचीही एक हकिगत आहे, आणि ती अगदी इथली आहे. आपल्याकडच्या पुष्कळ बाटल्यांचे टोक बंद असते. टोपणाच्या आत एक काटा असतो आणि टोपण घट्ट आवळले की तो टोकाला ठरावीक मापाचे भोक पाडतो. हे ठाऊक नसल्याने घरोघरी सेफ्टी पिन, दाभण, कधी कात्रीसुद्धा वापरली जाते. भोक मोठे पडते, थेंब जाड पडतो, महिन्याची बाटली पंधरवड्यात संपते आणि पिनेवर जे काही होते ते पहिल्याच दिवशी आत जाते. परिरक्षक ज्या संकटासाठी घातले, ते संकट असे घरातूनच सुरू होते.

साठवण नव्हती तोवर परिरक्षकाचा प्रश्नही नव्हता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग वर्णिले आहेत. आयुर्वेदातल्या नेत्रोपचारांत ‘आश्च्योतन’, म्हणजे डोळ्यात थेंब सोडणे, हा एक प्रमुख उपचार. त्यासाठीचा काढा ताजा करायचा आणि गाळून वापरायचा. आधुनिक नेत्रवैद्यकात १८७० च्या दशकात काचबिंदूवर फायसोस्टिग्मिन आणि पायलोकार्पिन आले, १८८४ मध्ये कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला, तरी औषध बनायचे ते दवाखान्याच्या आतल्या खोलीतच. कंपाउंडरने झिंक सल्फेट आणि बोरिक पावडर पाण्यात विरघळवून काचेच्या बाटलीत भरून द्यायची, वर रबरी फुग्याचा ड्रॉपर. बाटली चार-आठ दिवसांची असे. औषध कारखान्यात बनून महिनोन्‌महिने कपाटात राहू लागले, एकाच बाटलीतून वॉर्डातल्या वीस डोळ्यांत थेंब जाऊ लागले, तेव्हा खरी अडचण सुरू झाली.

त्या अडचणीचे नाव स्यूडोमोनास. साध्या पाण्यातही तगणारा हा जंतू जखमी पारपटलावर बसला तर दोन दिवसांत डोळा नासवू शकतो. पारपटलावरची इजा दिसावी म्हणून फ्लुरेसिनचे नारिंगी द्रावण डोळ्यात घालतात, म्हणजे ते नेमके जखमी डोळ्यातच जाते. आणि त्याच द्रावणात हा जंतू सुखाने वाढतो, हे विसाव्या शतकाच्या मध्यावर लक्षात आले. आज नेत्रतपासणीत फ्लुरेसिनची बाटली दिसत नाही, रंग वाळवलेली कागदाची पट्टी दिसते. किमुरा यांनी १९५१ मध्ये सुचवलेला हा तोडगा परिरक्षकाचा नव्हता. ओलावाच काढून टाकण्याचा होता. सगळ्या औषधांना तो लावता येत नाही. उरलेल्यांसाठी बाटलीत काहीतरी घालणे भाग पडले.

ते ‘काहीतरी’ बरेच वेळा बदलले. पाऱ्याची संयुगे आली. थायोमर्सल आणि फेनिलमर्क्युरिक नायट्रेट स्वस्त होती, पण ॲलर्जीच्या तक्रारी आणि पाऱ्याची धास्ती यांमुळे मागे पडली. आपल्या अनुसूचीत मात्र फेनिलमर्क्युरिक नायट्रेटचे नाव अजून आहे. क्लोरब्युटॉल सौम्य, पण उष्णतेत विघटन पावणारे. या सगळ्यांना मागे टाकले ते बेंझाल्कोनियम क्लोराइडने. जर्मनीत गेऱ्हार्ड डोमाक यांनी १९३५ मध्ये या द्रव्याचा जंतुनाशक गुण मांडला. सल्फा औषधांच्या शोधासाठी १९३९ चे नोबेल मिळवणारे डोमाक ते हेच. बेंझाल्कोनियम स्वस्त, टिकाऊ, थोड्या प्रमाणात काम करणारे, शिवाय काही औषधे पारपटलातून आत जायला मदत करणारे. पुढच्या काही दशकांत डोळ्यांच्या थेंबांत त्याचेच राज्य झाले आणि ते अजून संपलेले नाही.

रसायन म्हणून ते साबणाच्या गोतावळ्यातले आहे. त्याच्या रेणूला धन विद्युतभाराचे डोके आणि बारा ते सोळा कार्बनची तेलकट शेपटी असते. जंतूच्या आवरणावर ऋण भार असतो. डोके तिथे चिकटते, शेपटी आवरणात घुसते, आवरण फाटते आणि आतला ऐवज बाहेर सांडतो. ते बनवताना डायमिथाइल अमाइनला लांब कार्बनसाखळी जोडतात आणि नंतर बेंझाइल क्लोराइडशी संयोग घडवतात. डायमिथाइल अमाइन हे नाव सोलापूरकरांना अगदीच परके नसावे : तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीत बालाजी अमाइन्सच्या कारखान्यात मिथाइल अमाइन्स बनतात. या अमाइनची वाट रंग, औषधे, कीटकनाशके अशी शंभर ठिकाणी जाते, त्यातली एक पायवाट परिरक्षकांकडे. पण मुद्दा रसायनशास्त्राचा नाही. शेपटीला जंतूचे आवरण आणि डोळ्याच्या पेशीचे आवरण यांत भेद करता येत नाही, हा आहे.

डोळ्याचा पृष्ठभाग कोरडा कधीच नसतो. त्यावर काही मायक्रॉन जाडीचा अश्रूंचा थर पसरलेला असतो : खाली श्लेष्म, मध्ये पाणी, वर तेलाचा पातळ पापुद्रा. तो पापुद्रा पाण्याची वाफ होऊ देत नाही. भांड्यावरच्या तेलकटपणाचे साबणाने जे होते तेच बेंझाल्कोनियमने या पापुद्र्याचे होते. तो तुटतो आणि अश्रू लवकर सुकतात. श्लेष्म तयार करणाऱ्या चषकपेशी कमी होतात. पारपटलाच्या वरच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, ती पकड सैल होते. औषध आत शिरायला मदत होते ती याचमुळे. नेत्रश्लेष्मलेत, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्यात, सौम्य, रेंगाळणारा दाह सुरू होतो आणि पारपटलातल्या नसांनाही झळ लागते. नेत्रतज्ज्ञाच्या स्लिट लॅम्पखाली हे स्पष्ट दिसते. फ्लुरेसिनची पट्टी लावून निळा प्रकाश टाकला की निरोगी बुबुळ गडद राहते. वर्षानुवर्षे थेंब घेतलेल्या बुबुळावर हिरवे ठिपके दिसतात, सुईने टोचल्यासारखे बारीक, खालच्या भागात जास्त दाट. रुग्ण सांगतो, डोळे चुरचुरतात, रेती गेल्यासारखे वाटते, संध्याकाळी उघडे ठेववत नाहीत. कधी उलटही घडते. नसा बधिरल्यामुळे ठिपके पुष्कळ आणि तक्रार थोडी. चुरचुर शमवायला दुकानातून कृत्रिम अश्रूंची बाटली आणली जाते, आणि तिच्यातही तेच परिरक्षक असले तर दुखणे आणि उपाय एकाच वाटेने डोळ्यात जाऊ लागतात.

यावरून घाबरण्याआधी हिशेब मांडायला हवा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर चार-सहा आठवडे थेंब घालायचे असतात. डोळे आल्यावर आठवडाभर. एवढ्या मुदतीत निरोगी डोळ्याचे परिरक्षकामुळे फारसे बिघडत नाही. काचबिंदूचे गणित वेगळे. रात्री प्रोस्टाग्लँडिन एकदा, टिमोलॉल दोनदा, ब्रिमोनिडिन दोनदा असे तीन औषधांवर असलेल्या रुग्णाच्या प्रत्येक डोळ्यात दिवसाला ५ थेंब जातात, वर्षाला १,८२५, दहा वर्षांत १८,२५०. थेंब ३० मायक्रोलिटरचा आणि परिरक्षक ०.०२ टक्के धरले तर एका थेंबात ६ मायक्रोग्रॅम बेंझाल्कोनियम. आकडा क्षुल्लक वाटतो, पण डोळ्यात एरवी मावणारे अश्रू ७ मायक्रोलिटरच्या आसपास असतात, हे लक्षात घेतले की थेंब पडतो त्या क्षणी काय होते याचा अंदाज येतो. परिरक्षकाचा त्रास एका थेंबाचा नसतो, बेरजेचा असतो. भारतात चाळिशीपुढचे सुमारे १ कोटी १२ लाख लोक काचबिंदूग्रस्त असावेत, असा २०१० मधला प्रसिद्ध अंदाज आहे. ज्यांचे निदान झाले आहे त्यांच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला ही बेरीज येते.

या बेरजेकडे कसे पाहायचे याबाबत नेत्रवैद्यकात तीन-चार पंथ पडले आहेत. पहिला मुख्यतः युरोपातला, आणि त्याचे ठाणे पॅरिसमध्ये. क्रिस्तॉफ बोदुआँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंझाल्कोनियमचे परिणाम पेशींवर, प्राण्यांवर आणि रुग्णांवर चिकाटीने अभ्यासले. पिझेला आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये काचबिंदूच्या ४,१०७ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली : थेंब टाकताना त्रास होतो असे परिरक्षकयुक्त औषध घेणाऱ्यांपैकी ४३ टक्क्यांनी सांगितले, परिरक्षकमुक्त घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांनी. त्याआधी १९९४ मध्ये ब्रॉडवे आणि सहकाऱ्यांनी एक वेगळीच गोष्ट दाखवली होती : दीर्घकाळ अनेक थेंब घेतलेल्या डोळ्यांत काचबिंदूची शस्त्रक्रिया अपयशी ठरण्याचे प्रमाण जास्त होते. तो दोष परिरक्षकाचा, औषधाचा की दोघांचा, हे त्या अभ्यासातून वेगळे काढता येत नव्हते. पण पृष्ठभागावरचा दाह केवळ चुरचुरीवर थांबत नाही, एवढे त्यातून दिसले. युरोपीय औषध संस्थेने २००९ मध्ये तोलून मापून भूमिका घेतली. ज्यांना परिरक्षक सोसत नाही त्यांच्यासाठी आणि दीर्घ उपचारासाठी परिरक्षकमुक्त पर्याय असावेत. मात्र सरसकट सगळ्यांनी ते टाळावे असे म्हणण्याइतका पुरावा नाही.

दुसरा पंथ बेंझाल्कोनियमची बाजू घेणारा, आणि त्याचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत पेशी परिरक्षकात बुडून राहतात. डोळ्यात मात्र अश्रू आणि पापण्या ते काही मिनिटांत धुऊन काढतात. बशीतला मृत्यू डोळ्यावर जसाच्या तसा लादता येत नाही. शिवाय काचबिंदूचा रुग्ण साधारण उतारवयातला असतो, त्या वयात डोळे कोरडे पडतातच; पापण्यांच्या कडांना जुनाट सूज असते; प्रोस्टाग्लँडिन औषधांनी डोळा स्वतःच लाल होतो. दिवसातून एकच थेंब घेणाऱ्यांच्या अल्पमुदतीच्या चाचण्यांत परिरक्षक असण्यानसण्याने पुष्कळदा मोठा फरक दिसलेला नाही. आणि सर्वांत वजनदार मुद्दा : महाग औषध रुग्णाने मध्येच सोडले, तर दृष्टिचेता, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, नष्ट होते ती कायमची. तिच्यापुढे हिरवे ठिपके किरकोळ. प्रस्तुत पुस्तकाचा कल पहिल्या पंथाकडे आहे, पण या शेवटच्या मुद्द्याला त्याने कुठेही बगल दिलेली नाही.

तिसऱ्या पंथाने मधली वाट काढली : परिरक्षक ठेवायचे, पण मवाळ. ऑक्सिक्लोरो कॉम्प्लेक्सचे प्रकाशात पाणी, प्राणवायू आणि मीठ यांत विघटन होते. सोडियम परबोरेटपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते आणि डोळ्यात त्याचेही पाणी होते. पॉलिक्वाटर्नियम-१ चा रेणू एवढा अवजड की तो पेशीत सहज शिरत नाही. मुंबईच्या सन फार्मा समूहाने पोटॅशियम सॉर्बेट वापरून बेंझाल्कोनियमविरहित लॅटानोप्रोस्ट (काचबिंदूवरचे एक प्रोस्टाग्लँडिन औषध) तयार केले आणि २०१८ मध्ये त्याला अमेरिकेची मान्यता मिळाली. येथे शब्दांकडे नीट पाहावे लागते. ‘बेंझाल्कोनियममुक्त’ म्हणजे ‘परिरक्षकमुक्त’ नव्हे. जाहिरातीत हे दोन शब्द शेजारी बसवले जातात आणि वाचणारा एकाच्या जागी दुसरा समजतो.

चौथा पंथ डॉक्टरांचा नाही, डबा बनवणाऱ्यांचा आहे. रसायन बदलण्यापेक्षा बाटलीच अशी करा की जंतू आत जाणार नाही, हे त्याचे म्हणणे. प्लास्टिकची नळी फुगवणे, तीत द्रावण भरणे आणि ती बंद करणे ही तिन्ही कामे एकाच यंत्रात निर्जंतुक वातावरणात झाली की अर्ध्या मिलिलिटरहून लहान कुप्या तयार होतात. मान पिळायची, थेंब घालायचा, उरलेले टाकून द्यायचे. दुसरा मार्ग म्हणजे झडप किंवा गाळणी बसवलेली बाटली : थेंब बाहेर येतो पण न गाळलेली हवा आत जात नाही. डोळ्यांच्या औषधांचे मोठे उत्पादन महाराष्ट्रात वाळूजला आणि गोव्यात वेर्ण्याला होते. कुपीचे दोष उघड आहेत. दर मिलिलिटरला पडणारी किंमत जास्त, प्लास्टिकचा कचरा जास्त, संधिवाताच्या बोटांना मान पिळत नाही. आणि आपल्या घरात ‘उरलेले टाकून द्या’ ही सूचना सहसा पाळली जात नाही. कुपीचे तोंड पुन्हा दाबून ती संध्याकाळसाठी ठेवली की परिरक्षक नाही आणि झाकणही नाही, अशी ती अवस्था.

याच अवस्थेचे मोठे रूप २०२३ मध्ये जगाने पाहिले. चेन्नईच्या एका कंपनीने बनवलेल्या आणि अमेरिकेत विकल्या गेलेल्या कृत्रिम अश्रूंमधून औषधांना न जुमानणारा स्यूडोमोनास पसरला. १८ राज्यांत ८१ रुग्ण, चौघांचा मृत्यू, १४ जणांची दृष्टी गेली आणि आणखी चौघांचे डोळे काढावे लागले. बाटली अनेकदा वापरायची होती आणि तीत पुरेसे परिरक्षक नव्हते, ही अमेरिकी नियामकांनी काढलेल्या त्रुटींपैकी एक. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवी मुंबईतल्या एका कारखान्याच्या उत्पादनकक्षांत जंतू सापडल्यावर २६ थेंब-उत्पादनांविरुद्ध अमेरिकेत इशारा निघाला. परिरक्षक काढून टाकणे म्हणजे एक पहारेकरी घरी पाठवणे. त्याच्या जागी दुसरा उभा केला नाही तर काय होते, ते या प्रकरणांनी दाखवले. ‘परिरक्षकमुक्त’ हा शब्द सौम्यतेची हमी म्हणून वाचणाऱ्यांनी ही बाजूही वाचायला हवी.

हे सारे सोलापूरच्या नजरेतून मांडण्याचे कारण इथल्या हवेत आणि कामात आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी असते आणि अश्रूंची वाफ तशीच वेगाने होते. यंत्रमागाच्या कारखान्यात चादरी-टॉवेलांचा तंतू उडत असतो. विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर तंबाखूच्या भुकटीजवळ खाली मान घालून बसतात. असा डोळा थेंब पडण्याआधीच थकलेला असतो. लॅटानोप्रोस्टची बाटली उघडेपर्यंत २ ते ८ अंशांत आणि उघडल्यावर २५ अंशांच्या आत ठेवावी, असे मूळ उत्पादनाच्या माहितीपत्रकात असते. पत्र्याच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी ‘रूम टेंपरेचर’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही. लेबल इंग्रजीत, ते सुद्धा मोतीबिंदू झालेल्या माणसाला वाचता न येणाऱ्या टायपात, आणि घरात बोली तेलुगू, कन्नड, उर्दू किंवा मराठी. सिव्हिलमध्ये, म्हणजे १९६३ मध्ये सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, धाराशिवपासून कर्नाटकाच्या सीमाभागापर्यंतचे रुग्ण येतात. बाटली उघडायची कशी इथपासून समजावून सांगणे चार भाषांत करावे लागते.

जिल्ह्याच्या शेतीतून येणारा रुग्ण याच विषयाची दुसरी बाजू दाखवतो. ज्वारीचे ताट किंवा उसाचे पान डोळ्याला लागते, बुबुळावर ओरखडा पडतो आणि चार-आठ दिवसांत बुरशीची जखम पांढरी दिसू लागते. त्यावर नॅटामायसिन हे बुरशीविरोधी औषध तासातासाला घालावे लागते. मूळ अमेरिकी नॅटामायसिनमध्ये ०.०२ टक्के बेंझाल्कोनियम असते, म्हणजे सर्वांत जास्त प्रमाण आणि सर्वांत जास्त थेंब. तरीही इथे परिरक्षकाची चिंता करत बसणे चूक ठरेल. डोळा वाचवायचा असतो. पृष्ठभाग नंतर सावरता येतो. एकच द्रव्य एका रुग्णात टाळण्याजोगे आणि दुसऱ्यात दुय्यम ठरते ते असे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली तेव्हा चिठ्ठीशिवाय थेंब विकले गेले, त्यांत स्टिरॉइडयुक्तही होते. अशा थेंबांचा खरा धोका परिरक्षकाचा नसून स्टिरॉइडचा असतो : मनाने महिनोन्‌महिने घेतले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात. परिरक्षकावरच्या पुस्तकाने वाचकाचे लक्ष या मोठ्या धोक्यावरून ढळू देता कामा नये.

मराठीत नेत्ररोगांवर लोकांसाठी लिहिलेली पुस्तके आहेत, पण बाटलीतल्या औषधेतर घटकांविषयी सलग लेखन सहसा आढळत नाही. औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी हा भाग इंग्रजीतून शिकतात आणि दुकानात उभे राहिल्यावर तो मराठीत सांगता येत नाही. प्रस्तुत पुस्तक त्यांच्यासाठी आहे, परिचारिका आणि नेत्रसाहाय्यकांसाठी आहे, आणि दररोज थेंब घेणाऱ्या, थोडे जास्त जाणून घेऊ पाहणाऱ्या रुग्णासाठीही. रसायन, नियम, कारखाना, पुरावा आणि घरातली सवय या पाचही बाजूंनी एकाच बाटलीकडे पाहण्याचा त्यात प्रयत्न आहे. पुराव्याच्या बाबतीत पेशींवरचे, प्राण्यांवरचे आणि माणसांवरचे निष्कर्ष वेगळे ठेवले आहेत, कारण या विषयातला बराचसा गोंधळ ते एकत्र कालवल्यामुळे झाला आहे. परिरक्षकांची नावे लेबलवर असतात तशीच देवनागरीत ठेवली आहेत. संस्कृत प्रतिशब्द घडवले असते तर हातातल्या खोक्याशी ती जुळली नसती. कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावणांना मात्र पुस्तकात ओझरताच स्पर्श आहे. मऊ लेन्स बेंझाल्कोनियम शोषून घेते, म्हणून थेंब घालण्यापूर्वी ती काढावी आणि पंधरा मिनिटांनी बसवावी, एवढी माहिती नेहमीच्या वापराला पुरेल.

पुस्तक वाचून काचबिंदूचे थेंब स्वतःहून बंद करणे सर्वांत घातक. डोळ्यातला दाब वाढतो तो बहुधा दुखत नाही, लालही होत नाही. दृष्टी कडेकडेने जाते आणि समजेपर्यंत बरीच गेलेली असते. बदल करायचा तर तो तपासणीच्या टेबलावर. रुग्णाने सगळ्या बाटल्या, कृत्रिम अश्रूंचीसुद्धा, एका पिशवीत घालून न्याव्यात. त्या ओळीने मांडल्या की पुष्कळदा तीन निरनिराळ्या औषधांखाली तेच एक परिरक्षक तीनदा छापलेले दिसते. मग दोन औषधांची एक संयुक्त बाटली करता येते, अश्रूंची बाटली परिरक्षकमुक्त घेता येते, आणि काचबिंदूचे औषध आहे तेच ठेवूनही दिवसाचे परिरक्षकयुक्त थेंब कमी करता येतात.